पालकशाळेच्या बाईंची नात

१६ जून, सोमवार

आज बालवर्ग उघडला. निम्मी मुलं आत रडली, निम्म्या आया फाटकाबाहेर. इतक्या वर्षांत एवढं कळलंय की मुलांचं रडणं उतू जाणाऱ्या दुधासारखं असतं, गॅस बंद केला की खाली बसतं. आयांचं मंद आचेवरच्या डाळीसारखं दिवसभर रटरटत राहतं.

यंदा आमची ऋतुजाही वर्गात आहे. प्रियंकाची मुलगी, माझी एकुलती एक नात. लवकरच तीन वर्षांची होईल. एक शब्द बोलत नाही.

हे वाक्य लिहिलं आणि उठून चहा करून आणला. परत येऊन पाहिलं तर वाक्य तिथंच.

जुळे सोलापुरात प्रत्येकाकडे यावर औषध आहे. शेजारणीनं वेखंड उगाळून चाटवायला सांगितलं. आमचे हे म्हणतात, "तुझ्या घराण्यातली आहे, एक तरी गप्प निघू दे." प्रियंका म्हणाली, "आई, एकदा कान दाखवू या का?" मी म्हटलं, कान ठणठणीत आहेत. परवाच तिच्या पाठीमागं उभं राहून परातीवर लाटणं हाणलं, केवढ्यांदा दचकली. प्रियंका गप्प बसली. बँकेत दिवसभर लोकांना ऐकवते, माझ्यापुढं मात्र अजून चौथीतच आहे.

खरं कारण मला ठाऊक आहे. ते रोज सकाळी तिचा हात धरून रिक्षातून उतरतं. गंगम्मा, जावयाची आई. आमच्या विहीणबाई. पूर्व भागातल्या कारखान्यात निम्मं आयुष्य टॉवेलाचे माग चालवले. त्या खडखडाटात बोलायचं तर बेंबीच्या देठापासून ओरडायचं, नाहीतर समोर उभं राहून ओठ, भुवया, हात सगळ्यांना कामाला लावायचं. बाई दोन्ही एकदम करतात. माग सुटले, सवय सुटली नाही. "बंगारं!" अशी हाक मारतात, म्हणजे 'सोन्या', तेव्हा आमच्या कडुनिंबावरचे कावळे उडतात. त्यात ते सगळं तेलुगूत. जावई राजशेखर अर्धं तेलुगू अर्धं मराठी, प्रियंका मराठी, टीव्ही हिंदी, मोबाइलातली गाणी इंग्रजी. पोरीनं बोलायचं तरी कुणाच्या बाजूनं?

२१ जून, शनिवार

'पालकशाळा' सुरू केली. दर शनिवारी संध्याकाळी वर्गाच्या सतरंजीवर पालकांना बसवायचं आणि मुलांबद्दल बोलायचं. चार डोकी येतील म्हटलं होतं, बाहेर चपला मावेनात. भाड्याचा स्पीकर आणला ते बरं झालं.

वैरागचे एक गृहस्थ आहेत, बिभीषण म्हणून. म्हणाले, "बाई, पोरगं मोबाईल सोडत न्हाय, लई वैताग आलाय." मी विचारलं, "तुम्ही सोडलाय का?" तेवढ्यात त्यांचाच वाजला. लोक हसून लोळले. पुढचा अर्धा तास मी जे म्हणेन ते खरं.

मग अक्कलकोट रोडवर राहणाऱ्या एका सुनेनं विचारलं, "उशिरा बोलणाऱ्या मुलांचं काय करायचं बाई?" माझी नजर ऋतुजाकडं गेली. पण माईक हातात होता, आणि माईक हातात असला की मला सगळं येतं. म्हटलं, घरात एकच भाषा. आवाज हळू, आरडाओरडा बंद. हातवारे बंद, खुणेनं काम भागलं तर मूल बोलेल कशाला? तोंडानं मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही. टाळ्या पडल्या. ती बाई पुढं येऊन चक्क पाया पडली.

ऋतुजा तेवढा वेळ स्पीकरला मिठी मारून बसली होती. गाल चिकटवलेला, दोन्ही तळवे जाळीवर, चेहऱ्यावर समाधान. माझ्या भाषणाला इतका जवळचा श्रोता आजवर लाभला नव्हता.

२५ जून, बुधवार

लोकांना सांगायचं आणि घरात चालू द्यायचं, हे बरं नव्हे. आज विहीणबाईंना बसवून घेतलं.

"राग मानू नका हं," मी म्हटलं. ज्या वाक्याची सुरुवात अशी होते त्याचा शेवट कधी गोड झालेला मी पाहिला नाही. "पोरीशी फक्त मराठी बोलायचं. तेही हळू. आणि हे हात हलवणं बंद."

"मराटी मला नीट येत न्हाय की हो बाई."

"मग थोडं कमी बोला."

"किती कमी?"

म्हटलं, "जमेल तेवढं."

त्या पदराच्या टोकाशी चाळा करू लागल्या. मग विचारलं, "माज्यामुळं बोलंना व्हय ती?"

"तसं नाही हो," मी म्हणाले. मला म्हणायचं तसंच होतं, आणि ते त्यांना कळलं.

३ जुलै, गुरुवार

आज वर्ग सुटल्यावर ऋतुजानं माठाकडं बोट दाखवलं. मी पेला भरला आणि हातात धरून ठेवला. "पाणी म्हण. पा-णी." ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. टक लावून, भिंगातून बघावं तशी. मी पुन्हा म्हटलं. तिनं ओठ जुळवले, उघडले. आवाज नाही. तिसऱ्यांदा म्हणताना मी पेल्याकडं वळले तर तिनं जी किंकाळी फोडली! मग मनगटाला चावली. दातांचे वण अजून आहेत.

दारात गंगम्मा उभ्या होत्या. दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून. एक शब्द बोलल्या नाहीत. शिस्तीच्या बाबतीत बाईंना मानलं पाहिजे.

शेवटी पाणी दिलंच. ती पेला दोन्ही हातांनी धरून घटाघटा प्यायली. बघवेना, म्हणून मी खडू आवरायला लागले. वर्गात दुसऱ्या कुणाच्या मुलाशी मी हे केलं असतं का? केलं नसतं. पण दुसऱ्यांच्या मुलांची मला इतकी धास्तीही वाटत नाही.

१४ जुलै, सोमवार

चावणं वाढलंय. आज वर्गातल्या इंद्रजीतच्या खांद्याला. त्याची आई सभ्य आहे म्हणून निभावलं. "पालकशाळेच्या बाईंची नात ना ही?" एवढंच म्हणाली, आणि हसली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं.

गंगम्मा हल्ली आत येत नाहीत. पोरीला सोडतात आणि वर्ग सुटेपर्यंत पायरीवर बसून राहतात. ऋतुजा मधेच उठून त्यांच्याकडं पळते, दोन्ही हातांनी त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवते, बघते, आणि सोडून देते. दिवसातून कितीदा तरी. लाडावलेली आहे.

संध्याकाळी माझ्याकडं होती तेव्हा लाइट गेली. अंधार झाल्या झाल्या पोरीनं घर डोक्यावर घेतलं. मी "अगं मी आहे, मी आहे," करत होते, पण छे. ह्यांनी टॉर्च आणली, उजेड माझ्या तोंडावर पडला आणि गप्प झाली. एवढी घोडी झाली तरी अंधाराला भिते.

रात्री प्रियंकाचा फोन. "आई, आधी ती निदान खेळताना आवाज तरी काढायची. आता तेही नाही." मी म्हटलं, शांततेनंतरच शब्द फुटतो. हे वाक्य कुठलं, आठवत नाही. बहुधा माझंच असावं, कारण त्याला काही अर्थ नाही.

२२ जुलै, मंगळवार

आज वर्गात कानगोष्टीचा खेळ घेतला. गोल करून बसायचं, पहिल्याच्या कानात शब्द सांगायचा, त्यानं पुढच्याच्या, आणि शेवटच्यानं मोठ्यानं म्हणायचा. मी 'मोसंबी' सोडला. फिरत फिरत छोट्या संस्कृतीपर्यंत आला. संस्कृतीनं ऋतुजाच्या कानाशी तोंड नेऊन सांगितला. ऋतुजानं खांदा आखडला, खुदकन हसली. मग शेजारच्या इंद्रजीतकडं वळली, त्याच्या कानाशी दोन्ही हातांचा आडोसा केला, अगदी नियमाप्रमाणे, आणि फुंकर मारली.

"बाई, ही नुसती हवा घालतीय," इंद्रजीत म्हणाला. सगळा वर्ग हसला. मीही हसले.

दुसऱ्या फेरीला पुन्हा फुंकर. तिसऱ्या फेरीलाही. खोडी काढतानाचा चेहरा मला कळतो, पोटापाण्याचा धंदाच आहे माझा. तो चेहरा नव्हता. काम नीट करणाऱ्या माणसाचा चेहरा होता. ती चुकत नव्हती. तिला जे मिळालं तेच ती पुढं देत होती.

खेळ मोडला आणि मुलांना लवकर डबे उघडायला सांगितले.

२३ जुलै, बुधवार

तिच्या मागं उभी राहून नाव घेतलं. काही नाही. जरा मोठ्यानं घेतलं. काही नाही. परातीवर चमच्यानं हळू वाजवलं, ती आपली ठोकळे रचत होती. लाटण्यानं हाणलं, दचकली. म्हणजे परात खोटं बोलली नव्हती. मी तिला एकच प्रश्न विचारला होता, तोही मला हवं ते उत्तर येईल असा.

पुढं जाऊन समोर बसले आणि काही न बोलता नुसते ओठ हलवले. तिनं मान वर केली, बघितलं, वाट पाहिली.

कुणाला सांगितलं नाही. उद्या सांगेन. आज प्रियंकाला बँकेत ऑडिट आहे.

२४ जुलै, गुरुवार

ऑडिट आजही आहे.

२६ जुलै, शनिवार

ऑडिट कालच संपलं असणार. मी विचारलं नाही.

पालकशाळेला आज आणखी गर्दी. कुणी कुणी बार्शीहून आलेले. बिभीषण पुढं बसले होते, मोबाइल बंद केल्याचं सगळ्यांना दाखवत. मी काय बोलले मला आठवत नाही. लोक मात्र ठरलेल्या ठिकाणी हसत होते, म्हणजे नेहमीचंच बोलले असणार.

शेवटी ती अक्कलकोट रोडची सून उभी राहिली, कौतुकानं. "बाई, तुमी सांगितल्यापास्नं आमी घरात कन्नड बंद केलं बघा. सासूबाई तर आता बोलतच न्हाईत."

"लई बेस झालं की!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा.

मी म्हटलं, "सुरू करा."

"काय बाई?"

"कन्नड. आज घरी गेल्यावर सुरू करा. सासूबाईंना म्हणावं, बोला. आणि उद्या पोराचे कान तपासून घ्या. परातीवर नाही. डॉक्टरकडं."

"पण तुमीच म्हणला हुता..."

"म्हणाले होते. माहीत नव्हतं, तरी म्हणाले होते."

कुणी हसलं नाही. विनोद आहे की काय, हे बघायला लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघत होते. मी माईक खाली ठेवला. बिभीषणांनी सतरंजी घडी करायला मदत केली आणि जाताना म्हणाले, "बाई, तब्येत बरी हाय न्हवं?"

२७ जुलै, रविवार

सकाळीच प्रियंकाच्या घरी गेले. पोहे होते. ते संपेपर्यंत थांबले, मग सांगितलं. फुंकर, ठोकळे, परात.

राजशेखर उठून खिडकीशी गेला. प्रियंका म्हणाली, "मी म्हटलं होतं ना तुला, आई."

"हो."

"मग तू परात आणलीस."

"हो."

"आणि मी ऐकलं तुझं." एवढंच म्हणाली आणि ताटल्या उचलून आत गेली. माझ्यावर ओरडली असती तर उलटून बोलता आलं असतं. आयुष्यभर मी त्याच्याच जोरावर जगलेय.

गंगम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या. खूप दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला, आणि तो इतका बारीक होता की मलाच पुढं वाकावं लागलं.

"म्हंजे माज्या तोंडामुळं न्हाय?"

"नाही."

"तेलुगूमुळं न्हाय?"

"नाही हो. उलट तुमचंच थोडंफार पोचत असणार तिला."

मग म्हणाल्या, "रोज माजं तोंड धरून बगायची पोर. काय तर सांग म्हनायची. आन मी मिटून बसले. तुमी शिकलेल्या, म्हनून."

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत. पोह्यांत मीठ कमी होतं, असं काहीतरी म्हणाले. ते माझ्या तोंडून का आलं, देव जाणे.

१ ऑगस्ट, शुक्रवार

कानाची तपासणी. पोर झोपलेली असेल तरच यंत्राला कळतं, म्हणून पहाटेपासून तिला जागं ठेवायचं होतं. राजशेखरनं तिला तळ्याकाठी फिरवलं, गंगम्मांनी रिक्षात पेंगू दिलं नाही. तिथं गेल्यावर औषध पाजलं तर ती टक्क जागी! बाकावर मी, प्रियंका, राजशेखर, तिघं डोळे मिटायच्या बेतात, आणि जिच्यासाठी आलो ती आमच्या चपलांच्या जोड्या लावत बसलेली. शेवटी गंगम्मांनी तिला छातीशी धरलं आणि काहीतरी गुणगुणत राहिल्या. तोंड तिच्या कपाळाला टेकवून. झोपली.

मग दार बंद झालं. या बाकावर याआधी कोण कोण बसलं असेल, याचाच विचार करत होते. माझ्या वर्गातल्या किती मुलांना मी हट्टी म्हटलं, मठ्ठ म्हटलं? एकेक चेहरा समोर येत होता. थांबेना.

तपासणारी मुलगी प्रियंकाहून लहान असेल. दोन्ही कान. मोठा आवाज, जवळून, समोर तोंड दिसत असेल तर काही पोचतं. बाकी आपण दाराआडून ऐकतो तसं, किंवा तेवढंही नाही. कानाला यंत्रं लागतील, कायमची.

"घरात हिच्याशी मोठ्यानं, समोर बसून कोण बोलतं?" तिनं विचारलं.

"माझी आई बोलायची," राजशेखर म्हणाला.

"बोलायची म्हणजे?"

मग मी म्हटलं, "मी बंद करायला लावलं. भाषा एक हवी म्हणून."

ती चिडली नाही. रोजचंच असावं. म्हणाली, "भाषांनी काही बिघडत नाही. आजीला जी येते तीच बोलू दे, हातवाऱ्यांसकट. तुम्ही तुमची बोला. पण यायला उशीर झालाय. आधी यायला हवं होतं."

"बोलेल ना?" प्रियंकानं विचारलं.

"यंत्रं लागल्यावर घरचे किती बोलतात त्यावर आहे बरंचसं. किती बोलेल, ते आज नाही सांगता येणार."

बाहेर आल्यावर प्रियंकानं माझा हात धरला. रस्ता ओलांडण्यापुरता, पण धरला.

१८ ऑगस्ट, सोमवार

यंत्रं आली. गुलाबी. ऋतुजानं पहिलं ओढून काढलं आणि आमटीत टाकलं. ते पुसून, वाळवून, देवाचं नाव घेऊन परत लावलं तर रिक्षात काढून राजशेखरच्या खिशात ठेवलं. त्यातल्या त्यात प्रगती.

सगळे तिच्या तोंडाकडं डोळे लावून बसलेत. आजच बोलेल, आत्ता बोलेल. ती बोलत नाही. गडगडलं की आभाळाकडं बघते आणि मग आमच्याकडं, जणू आम्हीच केलंय.

पालकशाळेच्या गटावर लिहिलं की सध्या बंद आहे. कारण लिहिलं नाही. मग परत फोन उघडला आणि कारणही लिहिलं. अंगठे, फुलं, हात जोडलेले आले. इंद्रजीतच्या आईचा फोन आला, ती बराच वेळ नुसती इकडचं तिकडचं बोलली.

२० ऑगस्ट, बुधवार

दुपारी गंगम्मा आणि ऋतुजा माझ्याकडं होत्या. यंत्रं कानात, चक्क तासभर टिकलेली. मी भेंडी चिरायला बसले होते. तेवढ्यात हे दूध तापत ठेवून विसरल्याचं कळलं आणि मी माझ्या खास आवाजात सुरू झाले. "तीस वर्षांत एक पातेलं सांभाळता आलं नाही तुम्हाला," इथून पुढं. हे सवयीनं वर्तमानपत्र वर करून बसले.

ऋतुजाच्या हातातला ठोकळा खाली पडला. ती माझ्याकडं बघत होती. ओठ थरथरले आणि रडायला लागली, आवाज काढून, मोठ्यानं. पळत जाऊन गंगम्मांच्या कुशीत शिरली.

मी सुरी हातात घेऊन तशीच उभी. तीन वर्षं झाली या पोरीला. तिच्यासमोर मी किती बोलले असेन, त्याला गणतीच नाही. पण तिनं मला पहिल्यांदा ऐकलं ते हे.

"पयलांदाच ऐकली की तुमाला," गंगम्मा म्हणाल्या. टोमणा नव्हता. त्या कधी मारतच नाहीत, तिथंच माझी पंचाईत होते.

त्यांनी तिला थोपटलं, तोंड समोर धरून काहीतरी सांगितलं, नाक पुसलं. मग तिला उचलून माझ्यासमोर पाटावर आणून बसवलं. "आता तुमी बोला."

"काय बोलू?"

"कायबी बोला की."

मी पोरीसमोर मांडी घालून बसले. डोळ्यांत अजून पाणी, बघत होती माझ्या तोंडाकडं. या तोंडानं मी गावाला शहाणं करायला निघाले होते, आणि मला एक वाक्य सुचेना. विनोद तिला चालणार नव्हता. टोमणा तर नाहीच.

"भेंडी," मी म्हटलं. भेंडी तोंडाजवळ धरून. "ही भेंडी. हिरवी. आता हिचं देठ काढायचं. मग चिरायची." आवाज जरा मोठा केला. "ही दुसरी. ही वाकडी आहे. ही तिसरी, ही तुझ्याएवढी लहान." ती बघत होती. हुंदके मोठ्या अंतरानं यायला लागले.

बोलली काही नाही. पण उठलीही नाही.

भेंडी संपली. मी थांबले तशी तिनं माझ्या हाताकडं बघितलं, मग तोंडाकडं. ह्यांना गवार आवडत नाही, म्हणून फ्रिजमध्ये आठवडाभर पडून होती. गंगम्मांना म्हटलं, ती इकडं द्या. आणि एकेक शेंग मोडत बोलत राहिले.